उजव्या खिशातले आठ वॉशर

माझ्या मामाला मोजता येत नाही. हे मी त्याच्या माघारी सांगत नाहीये. तो समोर बसलेला असताना, त्याच्याच घरात, त्याचाच चहा पीत सगळे हे बोलतात आणि तोही मान डोलावतो. चौथीत वजाबाकीने त्याला सोडलं की त्याने वजाबाकीला, यावर माझ्या आईचं आणि त्याचं अजून एकमत झालेलं नाही. बरं, त्याची चूक होते तीही एकाच बाजूला. कमी कधीच मोजत नाही, एक जास्तच मोजतो. एकदा आम्हा चार भावंडांना बागेतून घरी आणायला त्याला पाठवलं, तर हा पाच घेऊन आला. पाचवा शेजारच्या इमारतीतला होता; बोट धरलं म्हणून निमूट चालत आला होता. त्याला परत करायला मामीला जावं लागलं. त्याच्या आईला तिने काय सांगितलं ते ती अजून कुणाला सांगत नाही.

असा माणूस नोकरीला कुठे लागावा? जिथे माणसंच मोजावी लागतात तिथे.

किनाऱ्यापासून हेलिकॉप्टरने चाळीस मिनिटांवर, भर समुद्रात, चार लोखंडी पायांवर एक प्लॅटफॉर्म उभा आहे. समुद्राच्या पोटातला गॅस तिथे वर काढतात. नव्वद माणसं अठ्ठावीस दिवस तिथे राहतात, मग अठ्ठावीस दिवस घरी. जाणं-येणं सगळं हेलिकॉप्टरने. अगदी वरच्या मजल्यावर, एखाद्या गच्चीसारखा, कडेने दिवे लावलेला हिरवा चौक आहे. तो हेलिडेक, आणि माझा मामा तिथला मुकादम. हेलिकॉप्टर उतरलं की सामान उतरवून घ्यायचं, माणसं चढवायची, दार नीट लागलं का बघायचं, पायलटला अंगठा दाखवायचा आणि हेलिकॉप्टरचा दिवा दिसेनासा होईपर्यंत जागचं हलायचं नाही, हे त्याचं काम. आणि हो, चढलेली माणसं मोजायची.

आपली खोड मामाला ठाऊक होती, म्हणून त्याने तिच्यावर स्वतःच एक इलाज काढला होता. हेलिकॉप्टरमध्ये प्रवाशांच्या जागा बारा. मामाने स्टोअरमधून नटबोल्टमध्ये घालतात तसल्या लोखंडी चकत्या, नाण्याएवढे बारा वॉशर, मागून आणले आणि डाव्या खिशात ठेवले. प्रवासी दाराशी आला की मामा त्याच्या लाइफ जॅकेटचा पट्टा ओढून बघणार, पाठीत एक धपाटा घालणार आणि डाव्या खिशातला एक वॉशर उजव्या खिशात टाकणार. शेवटी उजव्या खिशात जेवढे वॉशर, तेवढी माणसं आत. डोक्याला मध्ये येऊच द्यायचं नाही. हा धपाटा प्लॅटफॉर्मवर प्रसिद्ध होता. अठ्ठावीस दिवसांनी घरी निघालेली माणसं म्हणत, बायको दारात काय म्हणेल ते पुढचं पुढे, आधी मुकादमाचा मार खाऊन घेऊ.

मामाला ‘वॉशर’ हे नाव ठेवलं रंगाऱ्याने. खाऱ्या वाऱ्यात लोखंड सतत गंजतं, त्यामुळे तिथे रंगाऱ्याला मरण नाही. एका टोकापासून रंगवत दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिलं टोक पुन्हा तांबडं झालेलं असतं. हातात ब्रश आणि तोंडाला कुलूप नाही, असा हा माणूस. मामा दिसला की विचारायचा, “काय वॉशर, आज किती वाजले, एक जास्त धरून?”

एवढ्यावर थांबला असता तर बरं होतं. एकदा घरी निघताना त्याने मामाला मिठी मारली आणि मारता मारता त्याच्या उजव्या खिशात स्वतःजवळचा एक वॉशर सोडून दिला. यादीत आठ, मामाच्या खिशात नऊ. मामाने दोनदा मोजलं, तिसऱ्यांदा मोजलं आणि हेलिकॉप्टर थांबवलं. पंखा फिरत असताना सगळ्यांना खाली उतरवलं, पुन्हा चढवलं, पायलटच्या शिव्या खाल्ल्या. डाव्या खिशात किती उरले ते बघितलं असतं तर एका मिनिटात उलगडा झाला असता. पण त्यासाठी बारातून वजा करावं लागलं असतं, आणि तो विषय चौथीतच संपला होता. वीस मिनिटांनी रंगाऱ्याला हसू आवरेना, तेव्हा प्रकार बाहेर आला.

मामा रंगाऱ्याशी महिनाभर बोलला नाही. शेवटी रंगाऱ्यालाच ओशाळल्यासारखं झालं. त्याने मामाचे बाराही वॉशर नेले, हेलिडेकच्या कडेला मारतात तो पिवळाजर्द रंग प्रत्येकाच्या एका बाजूला लावला, वाळवून आणून दिले आणि म्हणाला की आता कुणी खोटा घातला तर लगेच कळेल. मामाने घेतले. बोलला नाहीच, पण घेतले.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र बिघडली, आणि ती कुणाच्या लक्षात आली नाही. नियम असा, की हेलिकॉप्टर सुटण्याआधी मुकादमाने वॉकीटॉकीवर आकडा सांगायचा आणि खालच्या मजल्यावर रेडिओच्या खोलीत बसलेल्या माणसाने तो यादीशी ताडून बघायचा. त्या फजितीनंतर रेडिओवाल्याने मामाला आकडा विचारणंच सोडून दिलं. यादी आहे ना, म्हणे, मग उगीच वॉशरला कशाला त्रास. मामाही फुरंगटला. विचारत नाही तर मी कशाला सांगू? दोघा शहाण्यांनी मिळून एक नियम गुपचूप मोडीत काढला, आणि पुढचे तीन महिने काही म्हणता काही बिघडलं नाही.

आता त्या रात्रीचं सांगतो. मी हे मामाकडून ऐकलं आणि मग रेडिओवाल्याकडून तपासून घेतलं, कारण मामाच्या गोष्टीत लाटा दर वेळी एक मजला उंच होतात.

दिवसभर धुकं होतं. सकाळचं हेलिकॉप्टर दुपारवर गेलं, दुपारचं संध्याकाळवर, आणि शेवटी अंधार पडल्यावर धुकं विरलं तेव्हा कळलं की ते निघालंय. घरी जाणारे आठ जण सकाळपासून लाइफ जॅकेट अडकवून खालच्या खोलीत बसले होते. त्यात रंगारीही होता. ऐन वेळी त्याच्या पोटात अशी काही कळ आली की तो वाकडा होत रेडिओच्या खोलीत गेला आणि म्हणाला, माझं नाव खोड बाबा, मी उद्या जातो. रेडिओवाल्याने खोडलं. किनाऱ्याला कळवलं, पायलटला कळवलं: आठ नाही, सात. मामाजवळच्या यादीत मात्र आठच राहिले. त्याला सांगायचं रेडिओवाल्याच्या मनात होतं, पण तेवढ्यात हेलिकॉप्टर उतरलं, वरच्या आवाजात काही ऐकू जाईना, आणि तसाही मामाच्या आकड्याला आता विचारत होतं कोण?

इकडे रंगारी संडासात गेला आणि मोकळा होऊन बाहेर आला. डोक्यावर पंख्याची घरघर ऐकू येत होती. अठ्ठावीस दिवस झाले होते, आणि घर चाळीस मिनिटांवर होतं. त्याने बॅग उचलली आणि दोन-दोन पायऱ्या गाळत वर धावला. मामा दाराला हात लावून आठव्याची वाट बघत होता. रंगाऱ्याला बघून त्याने नेहमीसारखा पट्टा ओढला आणि नेहमीपेक्षा जरा जोरातच धपाटा घातला. मग एक वॉशर डावीकडून उजवीकडे टाकला. रंगारी मागच्या दाराजवळच्या जागेवर अंग चोरून बसला. मामाने दार लावलं, पायलटला अंगठा दाखवला आणि वाकून मागे सरला. सरताना काखेतली यादी पंख्याच्या वाऱ्याने उडाली आणि कठड्यावरून समुद्रात गेली. मामाने तिकडे बघितलंसुद्धा नाही. हेलिकॉप्टर उचललं जात होतं.

ते हातभर वर आलं, थोडं डोललं, मग नाक खाली करून डेकच्या कडेबाहेर निघालं. मामा मागचा तांबडा दिवा बघत उभा होता. हजारदा बघितलेला दिवा. तो आधी जरासा खाली जातो, मग सावरतो आणि वर वर जात लहान होतो. त्या रात्री तो खाली गेला आणि खालीच जात राहिला. घाई नाही, हेलकावा नाही. जिना उतरावा तसा सावकाश उतरत गेला. मामा म्हणतो, मी मनात म्हटलं, आता वर, आता वर. मग आवाज आला. स्फोट नाही, काही नाही. ओलं जाड कापड फरशीवर आपटावं तसा एकच फटका. आणि पंख्याचा आवाज बंद.

पायलट बरा झाल्यावर त्याने सांगितलं, डेकवरच्या लख्ख उजेडातून बाहेर पडलो आणि पुढे काहीच नव्हतं. पाणी काळं, आकाश काळं, मधली रेघच गायब. मला शपथेवर वाटत होतं की आपण वर चाललोय.

मामाने धोक्याच्या घंटेवर मूठ हाणली ती अशी की काच फुटून त्याच्या हातात गेली. ते त्याला अर्ध्या तासाने कळलं. वॉकीटॉकीत ओरडून त्याने दिशा सांगितली: हेलिकॉप्टर पाण्यात, डेकच्या उगवतीला, पळत गेलं तर दोन मिनिटांच्या अंतरावर. पळत कोण जाणार होतं? पण कप्तानाला ते बरोबर कळलं. प्लॅटफॉर्मभोवती चोवीस तास एक बचावाची बोट घिरट्या घालत असते, तिचा हा कप्तान. वीस वर्षं घिरट्या घातल्या, एकदाही कुणी बुडालं नाही, म्हणून पोरं त्याला चिडवत की तुम्ही समुद्राची राखण करता का? त्या रात्री त्याने बोट अशी वळवली की स्वयंपाकघरातली सगळी भांडी खाली आली.

हेलिकॉप्टर उलटं झालं होतं, पण पोटाखालचे फुगे उघडल्यामुळे तरंगत होतं. बोटीचा झोत त्यावर पडला तेव्हा दोघं जण त्याच्या पोटावर बसलेले होते, एकाचं डोकं पाण्यात वर-खाली होत होतं, एक जण चाकाला लोंबकळत होता. जाळं सोडलं, दोर फेकले, खलाशी कमरेला दोर बांधून उतरले. रेडिओच्या खोलीत आकडे येऊ लागले. चार. पाच. सहा, याचा पाय मोडलाय. मामा धापा टाकत जिना उतरून दारात येऊन उभा राहिला तेव्हा सात झाले होते. मग आठ, हा पायलट. मग बराच वेळ नुसती खरखर. रेडिओवाल्याने डोळे मिटून घेतले होते. आणि मग कप्तानाचा आवाज: दुसरा पायलट मिळाला, डोक्याला लागलंय, रक्त थांबत नाही. नऊ झाले, सगळे मिळाले. डॉक्टरला खाली धक्क्यावर उभा करा, आम्ही येतोय.

रेडिओवाला खुर्चीत मागे कोसळला आणि हसता हसता रडायला लागला. मागे जमलेली माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती.

“दहा,” मामा म्हणाला.

कुणी लक्ष दिलं नाही. मामा आत आला आणि पुन्हा म्हणाला, दहा होते, मी आठ चढवले, वर दोन पायलट. रेडिओवाल्याने यादी त्याच्यापुढे सरकवली. सात आणि दोन नऊ. खोडलेल्या नावावर तेव्हा मामाची नजर गेलीच नाही आणि रेडिओवाल्याच्याही ते डोक्यात नव्हतं. त्याच्या मते रंगारी खाली आपल्या खाटेवर पोट धरून झोपलेला होता.

“तुझं एक जास्तच असतं रे,” रेडिओवाला म्हणाला. चिडवून नाही, आजाऱ्याशी बोलावं तसं. “बस जरा. हाताला काय लागलंय बघ.”

मामाने उजवा खिसा टेबलावर उलटा केला. वॉशर घरंगळले, एक कपात पडला, तो त्याने बाहेर काढला. आठ. मागून कुणीतरी म्हणालं, परत घातला असेल कुणीतरी. आणि मामा सांगतो, त्या क्षणी माझाही स्वतःवरचा विश्वास डळमळला. आपण म्हणजे शेवटी आपणच. चाराचे पाच करणारे. बोटीत एका माणसाचं रक्त वाहतंय, आणि आपण तिला थांबवणार, आणि उद्या कळणार की एक वॉशर जास्त होता.

मग त्याने टेबलावरचा दिवा ओढून जवळ घेतला. एकेक वॉशर उलटला. पिवळा. पिवळा. पिवळा. आठही पिवळे. मग डावा खिसा रिकामा केला. त्यात चार, तेही पिवळे. मामाने दोन्ही ढीग एकत्र केले आणि बोटाने एकेक सरकवत मोजले. बारा. बेरजेने का होईना, आमच्या घराण्यात बरोबर आलेली ही पहिली वजाबाकी.

रेडिओवाला ते ढीग बघत होता. मग त्याची नजर यादीवरच्या खोडलेल्या ओळीवर गेली आणि त्याचा चेहरा उतरला. त्याने झोपायच्या खोल्यांकडे फोन लावला. मामा थांबला नाही. त्याने टेबलावरचा माइक ओढला.

“कप्तानसाहेब, अजून एक आहे. बोट थांबवा.”

कप्तानाने विचारलं, कोण बोलतंय? मामाने सांगितलं, डेकचा मुकादम.

“वॉशर म्हणतात तोच ना?”

“तोच,” मामा म्हणाला. “मी आठ जणांच्या पाठीत हात घातलाय. सात तुमच्याकडे आहेत. इंजिन बंद करा. एक मिनिट. बघू नका, नुसतं ऐका.”

इंजिन बंद केलं आणि पुन्हा सुरू झालं नाही तर? जखमी पायलटचं काय? कप्तान पुढे आमच्याकडे येऊन म्हणाला होता की त्याने हे सगळं मनात धरलं, आणि तरी किल्ली फिरवली, कारण ‘पाठीत हात घातलाय’ असं खोटं कुणी बोलत नाही. माइक त्याच्या हातात तसाच दाबलेला राहिला. त्यामुळे रेडिओच्या खोलीत सगळ्यांना ऐकू आलं: इंजिन थांबलं. बोटीला लागणारं पाणी. कुणाचा तरी खोकला, त्याला कुणीतरी गप्प केलं. पुन्हा पाणी. तेवढ्यात फोनवर खालून उत्तर आलं, खाट रिकामी, बॅगही नाही, आणि रेडिओवाल्याने ते मोठ्याने सांगायला तोंड उघडलं, तर मामाने रक्ताळलेल्या हाताने त्याचं तोंड दाबलं.

शिट्टी होती. बारीक, तुटक, लहान मुलाच्या खेळण्यासारखी. लाइफ जॅकेटला एक प्लास्टिकची शिट्टी दोरीने बांधलेली असते. ती शिट्टी.

रंगारी प्रवाहाबरोबर बराच लांब गेला होता. जॅकेट एकाच बाजूने फुगलं होतं, त्यावरचा दिवा लागलाच नव्हता, उजवा हात मोडला होता. पाणी नाकातोंडात जाऊन आवाज बसला होता, म्हणून शिट्टी दातात धरून तो श्वास मिळेल तसा फुंकत होता. बोटीने त्याच्याकडे पाठ फिरवली ती त्याने बघितली. मागचे दिवे लहान होताना दिसले. तेव्हा त्याला आठवलं की आपण यादीत नाहीच. आपलं नाव आपणच खोडून आलोय, आता आपल्याला शोधणार कोण? आणि मग, तो म्हणतो, अचानक इंजिन थांबलं. त्याला वाटलं आपले कान गेले. तरी फुंकत राहिला.

झोत त्याच्यावर पडल्याचं कप्तानाने सांगितलं. रेडिओवाल्याने सगळे वॉशर गोळा केले आणि मामाच्या हातात दिले. डोक्याला लागलेला पायलटही वाचला. त्याचं रक्त बोटीवरच्या आचाऱ्याने पोळपाट पुसायचं फडकं दाबून धरून थांबवलं होतं, यावरून डॉक्टर अजून चिडतो.

चार महिन्यांनी रंगारी हातात लोखंडी पट्टी बसवून मामाच्या घरी आला. तिसऱ्या मजल्यावर चढेपर्यंत त्याला धाप लागली होती. मामीने चहा दिला. बराच वेळ दोघं हवापाण्यावर बोलले. मग रंगाऱ्याने विचारलं की त्या रात्रीचा आठवा वॉशर मला देतोस का, घरी ठेवीन म्हणतो.

मामाने विचार केला. खरंच केला, त्याच्या कपाळावर आठ्या आल्या.

“नाही देता येणार,” तो म्हणाला. “मग अकराच उरतील. बारावा कोणी चढला तर त्याला काय टाकू?”

मामी आतून म्हणाली, “द्या हो एक. तुम्ही एक जास्तच मोजता ना, भरून निघेल.” रंगारी असा हसला की हातातला कप लवंडला, आणि हसता हसता त्याने डावा हात डोळ्यांवर धरला तो काही वेळ काढलाच नाही.

आता तिथून रात्री हेलिकॉप्टर सुटत नाही. अंधार पडला की उद्या, मग कुणी कितीही घाईत असो. सुटण्याआधी रेडिओवाला दर वेळी वॉकीटॉकीवर विचारतो, मुकादम, किती? आणि उत्तर येईपर्यंत थांबतो. मामा सावकाश मोजतो, कधी कधी दोनदा, आणि कुणी घाई करत नाही.

रंगारी आता रांगेत मुद्दाम शेवटी उभा राहतो. धपाटा खातो, पण पायरीवर पाय ठेवत नाही. पंख्याच्या आवाजात मामाच्या कानाशी तोंड नेऊन विचारतो, “पडला का?”

मामा उजवा खिसा हलवून दाखवतो. “पडला. चढ आता.”